तो बोलत नाही, पण सांगतो का?

माझ्याकडे येणारे बहुतेक आईबाबा खुर्चीत नीट टेकायच्या आत एकच वाक्य बोलतात. “त्याला सगळं कळतं हो, फक्त बोलत नाही.” मी बरीच वर्षं वाचा-उपचाराचं काम करते आहे, आणि हे वाक्य मी दर वेळी मन लावून ऐकते. त्यातला ‘सगळं कळतं’ हा भाग खरा असेल, तर निम्मी काळजी तिथेच हलकी होते. तो खरा नसेल, तर वाट बघण्यात वेळ घालवू नये. म्हणून आज शब्दांपेक्षा या पहिल्या भागावरच जास्त बोलेन.

माझ्या टेबलावर साबणाच्या फुग्यांची एक डबी असते. झाकण मुद्दाम घट्ट लावलेलं. एकदा एकाच आठवड्यात दोन मुलगे आले, दोघंही सव्वादोन वर्षांचे. पहिल्याला ‘आई’ आणि ‘भू भू’ सोडून काहीच बोलता येत नव्हतं. त्यानं झाकण ओढून पाहिलं, निघेना. मग डबी माझ्या हातात दिली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि “अं!” केलं. फुगे उडाले तसं त्यानं बोट वर केलं आणि गर्रकन आईकडे वळला. आईनं पाहिलं की नाही, याची खात्री करून पुन्हा फुग्यांकडे. तोंडात शब्द नव्हता, पण त्यानं मागितलं, दाखवलं आणि आनंद वाटून घेतला.

दुसऱ्याकडे शब्द भरपूर होते. एक ते वीस आकडे, रंग, प्राणी, सगळं घडाघडा. त्यानं माझं मनगट धरलं आणि माझा हात झाकणावर नेऊन ठेवला. चेहऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. फुगे उडाले, तो त्यांच्यामागे धावला, पण मागे बसलेल्या आईची त्याला आठवण झाली नाही. नावानं हाक मारली, वळला नाही.

घरच्यांना काळजी होती ती पहिल्याची. दुसऱ्याची आई आली होती ती ‘हुशार आहे, पण वाक्य करत नाही’ एवढंच विचारायला. मला मात्र दुसऱ्याची तपासणी अधिक तातडीची वाटली. एका प्रसंगावरून कुणी स्वमग्नतेचं निदान करत नाही, करूही नये. पण बोट दाखवणं, नजरेला नजर देणं, हाकेला वळणं या गोष्टी एकत्र कमी दिसल्या, तर शब्द कितीही असोत, विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञांना दाखवायचंच.

आता वयाचं बोलू. पहिल्या वाढदिवसापर्यंत ‘बाबाबा, दादादा’ अशी बडबड हवी, आणि टाटा करणं, हात पसरणं, बोट दाखवणं यातलं काहीतरी हवं. सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नसेल, तर दाखवा. दोन वर्षांचं मूल साधारण ५० शब्द वापरतं आणि दोन शब्द जोडतं, ‘बाबा गेला’, ‘अजून दे’. शब्द मोजताना कंजूषपणा करू नका. गाडीला दर वेळी ‘गाय’ म्हणत असेल तर तो गाडीसाठीचा शब्दच आहे. ‘माऊ’ही शब्दच. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द एकत्र मोजा. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही, त्यामुळे आजीची भाषा बंद करू नका. आणि येत असलेले शब्द किंवा हावभाव गळून पडले, तर वय काहीही असो, लगेच डॉक्टरांकडे जा.

दोन वर्षांच्या १०० मुलांमध्ये साधारण १० ते १५ मुलं बोलण्यात मागे असतात. त्यातली बरीचशी पुढच्या एक-दोन वर्षांत बाकीच्यांना गाठतात. ‘याचे बाबाही उशिरा बोलले’ असं आजी म्हणतात, त्यात तथ्य असतं. उशिरा बोलणं घराण्यात असू शकतं, मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त दिसतं. पण तुमचं मूल गाठणाऱ्यांतलं की मागे राहणाऱ्यांतलं, हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून ‘थांबावं की दाखवावं’ हा प्रश्नच मला पटत नाही. दाखवा, आणि मग सल्ल्यानं थांबा.

दाखवायचं म्हणजे आधी कान. इथे मी थोडी हट्टी आहे. “डबा आपटला की दचकतो, ऐकू येतं त्याला” हे मी फार वेळा ऐकलंय. डब्याचा आवाज दणदणीत असतो, शिवाय हादरा जाणवतो, सावली हलते. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ हे आवाज बारीक आणि हळू असतात. तेवढेच निसटणाऱ्या मुलाला अर्धवट भाषा ऐकू येते. मधल्या कानात पाणी साठलं तर अनेकदा ताप नसतो, दुखतही नाही, फक्त सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं होतं, तेही आज जास्त, उद्या कमी. जन्मतः चाचणी ठीक आली होती, हे आजचं उत्तर नव्हे. बेरासारखी, म्हणजे आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद मोजणारी, चाचणी मूल झोपलेलं असतानाही करता येते.

जिभेखालचा पडदा आखूड म्हणून भाषा उशिरा येत नाही. मोबाइलबद्दल एवढंच: जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत स्क्रीन नकोच, त्यानंतर दिवसाला तासाभराच्या आत, कमी असेल तेवढं बरं. पण ‘मोबाइलमुळेच झालं’ म्हणून कानाची तपासणी टाळू नका, आणि स्वतःला दोषही देत बसू नका.

घरी काय करायचं? ‘म्हण, म्हण ना’ हा तगादा सोडा. तो ‘गाडी’ म्हणाला तर तुम्ही ‘गाडी गेली’ म्हणा, त्याच्यापेक्षा एकच शब्द जास्त. विचारलंत तर मनात पाच आकडे मोजा; आपण फार लवकर त्याच्या वतीनं उत्तर देतो. तपासणीला येताना शब्दांची वही आणा, आणि घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ.

त्या पहिल्या मुलाच्या दोन्ही कानांत पाणी निघालं. उपचार झाले, आणि शब्द यायला लागले. दुसऱ्याचं काम लांबचं होतं, अजूनही चालू आहे. सहा महिन्यांनी एकदा मी फुगे सोडले. एक फुगा त्याच्या नाकावर फुटला, आणि त्यानं मागे वळून आईकडे पाहिलं. शब्द एकही नाही. आईनं वही उघडली आणि शब्दांच्या यादीखाली ती तारीख लिहून ठेवली.