माउलब्रोन : मठाची झालेली शाळा

श्रोतेहो, नमस्कार. जर्मनीच्या नैर्ऋत्येला माउलब्रोन नावाचं छोटं गाव आहे. सिस्टर्शियन या कॅथलिक ख्रिस्ती पंथाच्या संन्याशांनी ११४७ साली इथे मठ वसवला.

जागा पाणथळ होती. त्यांनी ओढ्यांवर बांध घालून तळी केली आणि डोंगरकडेने पाट फिरवले. पाटाचा उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडतं, कमी झाला तर गाळ साचतो. त्यामुळे हे काम फार जपून करावं लागे. त्या पाण्यावर गिरणी फिरे. मांस वर्ज्य असल्यामुळे तळ्यातले मासे ताटात येत.

मठातली ऊबेची खोली तर मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. खालच्या कमानीदार भट्टीत लाकडं पेटवून दगड तापवायचे. विस्तव पूर्ण विझला, धूर निघून गेला, की मगच वरच्या खोलीच्या जमिनीतली भोकं उघडायची आणि गरम हवा वर घ्यायची. घाई केली तर खोलीत धूर कोंडायचा.

१५३४ मध्ये इथलं व्युर्टेम्बर्ग संस्थान प्रोटेस्टंट झालं, आणि प्रोटेस्टंट पंथात मठांना जागा नव्हती. इमारती पाडून दगड विकता आले असते. पण संस्थानाचे राज्यकर्ते ड्यूक ख्रिस्टोफ यांनी १५५६ मध्ये मठांच्या शाळा करण्याचा हुकूम काढला. मठाची शेतं आणि द्राक्षमळे तसेच राखले, आणि त्यांच्या उत्पन्नातून मुलांचं जेवण, राहणं, शिक्षण फुकट केलं. मोबदल्यात मुलांनी पुढे धर्मोपदेशक व्हायचं. मठपती हे पदही राहिलं, फक्त ते आता शाळा चालवू लागले. ठरल्या वेळेच्या प्रार्थना, एकत्र भोजन, लॅटिन हे सगळं पूर्वीचंच होतं. वास्तू टिकली ती या रोजच्या वापरामुळे, असं आम्हाला ठामपणे वाटतं. १९९३ मध्ये ती जागतिक वारसा यादीत आली.

खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर १५८६ मध्ये इथे दाखल झाले. गरिबाघरचा हुशार मुलगा विद्यापीठापर्यंत पोचला, तो याच फुकट शिक्षणामुळे. पुढे हेर्मान गुंडर्ट इथे शिकले. ते मिशनरी म्हणून केरळात गेले आणि १८७२ मध्ये त्यांचा मल्याळम-इंग्रजी कोश निघाला. त्यांचे नातू, लेखक हेर्मान हेसे, १८९१ मध्ये याच शाळेत आले. शिस्त सोसेना, म्हणून पुढच्या मार्चमध्ये पळून गेले.

शाळा आजही भरते. मुलं-मुली तिथेच राहून शिकतात.