विशेष शिक्षक येतात त्या दिवशी

जिल्हा परिषदेच्या शाळेतला हा दुसरीचा वर्ग. खिडकीपाशी पट्टे लावलेली खुर्ची दिसतेय ना? पाय टेकायला फळी, पुढ्यात लाकडी ट्रे. ही सीपी चेअर. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या मुलाची पाठ आणि मान ती सांभाळते. तोल सावरण्यात गुंतलेले हात मोकळे होतात आणि मूल खडू धरतं.

खुर्ची सरकारी आहे, मोफत आहे. पण ती मिळवावी लागते. तालुक्याला मोजमाप शिबिर भरतं, मुलाची मापं घेतली जातात. साहित्य बहुतेकदा कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यातून येतं. त्यात महिने जातात, आणि मुलं तर वाढत असतात. मग हातात आलेला कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा साचा, आखूड झालेला असतो. पुन्हा अर्ज.

शिबिराची तारीख आईबापांना कोण सांगतं? विशेष शिक्षक. त्यांचा मुक्काम एका शाळेत नसतो. दुचाकीला पिशवी अडकवून ते शाळा-शाळा फिरतात. तीव्र दिव्यांगत्वामुळे ज्यांना शाळेत येणं जमत नाही, त्यांच्या घरी जाऊन शिकवतात. हा मुलांचा कायद्याने दिलेला हक्क आहे. प्राथमिक शाळेत दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं केंद्र सरकारने २०२२ मध्ये ठरवलं. राज्यातले हे शिक्षक मात्र वर्षानुवर्षं करारावर राबले. २०२४ मध्ये राज्य शासनाने त्यांच्यासाठी ४८६० पदं मंजूर केली, एका केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला, एक. एका केंद्रात दहा-बारा शाळा सहज येतात. हिशेब तुम्हीच करा.

समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय शिक्षण योजनेत प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. मुलींना वेगळे महिना २०० रुपये, दहा महिने. मुलाला शाळेत आणणाऱ्या-नेणाऱ्यासाठी मदतनीस भत्ता असतो. ही मदतनीस बहुधा आईच. तिची बुडालेली मजुरी त्यात भरून निघत नाही.

बऱ्याचशा लाभांसाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, तोही किमान ४० टक्क्यांचा. तो देणारं जिल्हा रुग्णालयातलं डॉक्टरांचं मंडळ ठरलेल्या वारीच बसतं. पहाटेची एसटी, रांग, आणि कधीकधी ‘पुढच्या आठवड्यात या.’

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र न दिसणाऱ्या अडचणीची. मागच्या बाकावरचा हा मुलगा गोष्ट घडाघडा सांगतो, पण वाचायला उठवलं की ‘ब’ आणि ‘क’मध्ये अडखळतो. कदाचित अध्ययन अक्षमता असेल, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन जड जाणं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ती आहे. पण तिचा दाखला वयाच्या आठव्या वर्षाआधी मिळत नाही. म्हणजे पहिली-दुसरी तशीच सरते, आणि मूल तोवर ‘ढ’ ठरलेलं असतं.

कागद येईपर्यंत थांबायचं नाही, असं आज वर्गावर आलेल्या विशेष शिक्षिका बाईंनी ठरवलंय. निघताना त्या वर्गशिक्षकांना सांगतात, “सर, त्याला फळ्यावरचं उतरवायला लावू नका. तोंडी विचारा. आणि पुढच्या बाकावर बसवा.”