गर्भाचे पहिले आठवडे आणि फॉलिक ॲसिडची गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

दिवस राहिल्याची बातमी तीन महिने पुरे होईपर्यंत घराबाहेर जाऊ द्यायची नाही, ही रीत नाशिक शहरातील सोसायट्यांमध्ये आहे तशी दिंडोरी-निफाडच्या मळ्यांतही आहे. सासूबाईंची ती भीती निराधार म्हणता येत नाही, कारण बहुतेक गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांतच होतात. अडचण एवढीच, की बाळाच्या शरीराची मूळ बांधणीही याच लपवाछपवीच्या काळात उरकते.

डॉक्टर गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे पहिले दोन आठवडे पोटात गर्भ नसतोच. तिसऱ्या आठवड्यात बीजनलिकेत गर्भधारणा होते, पेशींचा तो इवलासा पुंजका विभागत विभागत गर्भाशयात उतरतो आणि साधारण आठवडाभराने तिथल्या अस्तरात रुजतो. पाळी चुकते ती यानंतर.

पाचव्या आठवड्यात गर्भ म्हणजे तीन थरांची चपटी चकती असते. तिच्या वरच्या थरातला मधला पट्टा जाड होतो, करंजीची पारी दुमडावी तशा त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जाऊन मानेच्या भागात प्रथम एकमेकींना मिळतात आणि तिथून हा जोड डोक्याकडे व कमरेकडे असा दोन्ही बाजूंना सरकत जातो. या नळीपासूनच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात तोच, तिची दोन्ही टोके मिटलेली असतात. खालचे टोक उघडे राहिले तर पाठीच्या कण्यात व्यंग राहते. वरचे राहिले तर मेंदू व कवटीची घडणच अपुरी राहते आणि असे बाळ जगत नाही.

हे व्यंग बऱ्याच अंशी टाळता येते. ज्या मातांना पूर्वी असे बाळ झाले होते, त्यांच्यात फॉलिक ॲसिडमुळे पुन्हा तसे होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटल्याचे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९९१ साली दाखवून दिले. अशा मातांना डॉक्टर मोठी मात्रा देतात. इतरांसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरते. मात्र तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवून गोळी सुरू केली, तर ती नळी मिटून कित्येक आठवडे उलटलेले असतात. म्हणून मूल हवे असे ठरले की निदान महिनाभर आधीपासून गोळी घ्यावी. मेथी, पालक, डाळी जरूर खाव्यात, पण शिजवताना त्यांतले फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचे नैसर्गिक रूप, बरेच नष्ट होते. नुसत्या भाजीवर विसंबू नये. फिटचे औषध चालू असलेल्या बाईने तर दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे आणि ते औषध आपल्या मनाने बंद करू नये.

बाळाचे हृदयही याच सुमारास हलू लागते. दहाव्या आठवड्यापर्यंत बोटे सुटी होतात आणि मुख्य अवयवांची मांडणी झालेली असते; बाराव्या आठवड्याला बाळ डोक्यापासून ढुंगणापर्यंत पाच-सहा सेंटिमीटर भरते. पुढचे काम प्रामुख्याने वाढीचे.

आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना डोळे फुटण्यासाठी रसायनाची पेस्ट लावण्याचे आणि पुढे घड औषधात बुडवण्याचे काम बहुतांशी बायकाच करतात. पाळी चुकली असेल, तर पेस्ट आणि फवारणीची कामे त्याच दिवसापासून दुसऱ्या कोणाकडे द्यावीत आणि औषध मारलेल्या बागेत लगेच जाऊ नये. बागाईतदारांनी त्यासाठी कारण विचारत बसू नये.

शेजारीपाजारी कधी सांगायचे ते घराने ठरवावे. आशाताईंना मात्र पाळी चुकताच कळवावे. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झाली, तर रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी या तपासण्या वेळेवर होतात आणि अकरा ते तेरा आठवड्यांची सोनोग्राफीही चुकत नाही. आणि या काळात पोटात एका बाजूला तीव्र दुखू लागले, अंगावरून रक्त गेले किंवा भोवळ आली, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनलिकेतच रुजलेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.