गाडी बघायला उभं कुठे राहायचं?

[दृश्य : संगम पूल, सकाळ. शेजारच्या पुलावर गाडी येते.]

ही डेक्कन क्वीन. सव्वासातला पुणे स्टेशन सोडते आणि काही मिनिटांतच मुठेवर येते. १ जून १९३० रोजी ती पहिल्यांदा धावली. आजही दर १ जूनला पुणे स्टेशनवर तिचा वाढदिवस साजरा होतो, केक कापला जातो.

आपण उभे आहोत संगम पुलाच्या फुटपाथवर. समोर कठडा, खाली नदी, पलीकडे रेल्वेचा पूल. रेल्वेच्या हद्दीत पाऊल न टाकता इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत अख्खी गाडी नजरेत मावते. स्टेशन मागेच असल्यामुळे तिला अजून वेग आलेला नाही. खिडकीतली माणसं दिसतात, कुणी हात केला तर तोही दिसतो.

[दृश्य : खडकी स्टेशन. आजोबा आणि नातू, बाकावर.]

रुळांवरून चालणं, रुळांशेजारी उभं राहून फोटो काढणं हा गुन्हा आहे. १९८९च्या रेल्वे कायद्याचं कलम १४७ : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोबाइल हातात धरून रुळांवर गेलेली किती पोरं घरी परतली नाहीत, हे बातम्यांत आपण वाचतोच.

आणि हे सगळं टाळायला लागतात दहा रुपये. प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं, मोबाइलवरही निघतं. हे आजोबा नातवाला घेऊन बाकावर बसलेत, पिवळ्या पट्टीच्या बरेच मागे. ही पट्टी का आखलीय ते नीट बघा. आपल्याकडे दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. डबा मात्र सव्वातीन मीटर रुंद. म्हणजे रुळाच्या बाहेर दोन्ही अंगांना तो पाऊण मीटर पुढे आलेला असतो. रुळाकडे बघून घेतलेला अंदाज हमखास चुकतो. त्यात विजेचं इंजिन लांबून फारसं ऐकूही येत नाही.

आजोबा नातवाला सिग्नल दाखवतायत. लाल होता, आता हिरवा झाला. म्हणजे गाडी येणार. हॉर्न ऐकू येण्याआधीच नातू उठून उभा राहिलाय, आजोबांनी त्याचा हात धरलाय.

[दृश्य : लोणावळा स्टेशन. मुंबईकडून आलेली गाडी थांबते. शेवटच्या डब्यामागे जोडलेली इंजिनं.]

पुणेकरांनी एकदा तरी लोकल पकडून इथे यावं. लोणावळ्याला जे दिसतं ते देशात मोजक्याच ठिकाणी दिसतं.

गाडीच्या पुढे इंजिन आहे, आणि मागेही आहेत. हे बँकर. कर्जतला ते गाडीच्या शेपटाला लागतात आणि बोरघाट चढेपर्यंत मागून रेटा देतात. घाटाचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रस्त्यावर असा चढ आपल्याला जाणवणारही नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक धरून ठेवणं वेगळं, पुढचं एकटं इंजिन तिथे पुरत नाही.

या घाटाची गोष्ट जुनी आहे. १८५८मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, तेव्हा घाटात रूळच नव्हते. मुंबईकडून आलेला माणूस घाटाखाली उतरायचा, पालखीत किंवा तट्टावर बसून वर यायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी धरायचा. पाच वर्षं असंच चाललं. घाटाचं काम १८५६मध्ये सुरू झालं होतं. कातळ फोडून २५ बोगदे पाडले, दऱ्यांवर पूल बांधले आणि १८६३मध्ये घाट खुला झाला. त्या कामात हजारो मजूर दगावले.

आता हे जवळून बघा. गाडी थांबलीय. हातमोजे घातलेला एक कर्मचारी इंजिन आणि डबा यांच्या मधे शिरतो. आधी हवेची नळी बंद करतो, मग सोडवतो. फुस्स... आवाज प्लॅटफॉर्मभर ऐकू येतो. मग इंजिन आणि डबा जोडणारं कपलिंग सुटतं. तो बाहेर येऊन हात दाखवतो, बँकर दोन पावलं मागे सरकतात आणि शेवटच्या डब्याच्या पाठीवरची पिवळी फुली उघडी पडते. ही फुली दिसली की गाडी अख्खी आली, मागे एकही डबा सुटला नाही, हे स्टेशनवरच्या माणसाला कळतं.

हे सगळं प्लॅटफॉर्मवर उभं राहून दिसतं. घाटात रुळांवर उतरायची कुणालाही गरज नाही.

[दृश्य : भाजे लेणी, पायऱ्यांवरून दिसणारं खोरं.]

मळवलीला उतरून भाजे लेण्यांच्या पायऱ्या चढलं की खाली भातखाचरं, पलीकडे एक्सप्रेस वे आणि त्यांच्या जोडीनं रेल्वेची रेघ. मालगाडी आली तर तिची पूर्ण लांबी इथून कळते. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, जपून.

[दृश्य : शहरातला एक पादचारी पूल. दोन्ही बाजूंना उंच पत्रा. एक लहान मुलगी पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभी.]

खाली २५ हजार व्होल्टची तार आहे, तेव्हा पुलाला आडोसा हवाच. पण तो पत्र्याचाच का? बारीक जाळीनंही तेच काम होतं, शिवाय गाडी दिसते. पत्र्याआडून दिसत नाही म्हणून मुलं जिन्याच्या कडेला लोंबकळतात, नाहीतर कुंपणाची तुटलेली जागा शोधतात. आम्ही चित्रीकरण करत होतो त्या वेळात या फटीशी एकामागून एक मुलं येऊन थांबत होती.

नवे पादचारी पूल होतायत, जुने रुंद होतायत. आराखडा कागदावर आहे तोवरच हे सांगायला हवं : गर्दीच्या वाटेतून थोडी बाजूला काढलेली जागा, पत्र्याऐवजी दोन मीटर लांबीची जाळी, आणि तीही या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीला.