शून्याची मिरवणूक आणि पाच पोरं

(दृश्य : गोठलेलं सरोवर. त्याच्या काठावर स्टेडियम. बाहेर कानटोप्या घातलेल्या माणसांची लांबच लांब रांग.)

मिरवणूक म्हटली की कोणीतरी काहीतरी जिंकलेलं असतं. ६ जानेवारी २०१८ ला अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये निघालेली ही मिरवणूक हरल्याची आहे. ब्राउन्स, म्हणजे आमची फुटबॉलची टीम, त्या मोसमात सोळा सामने खेळली आणि सोळाही हरली. आदल्या मोसमात सोळांतला एक जिंकली होती, म्हणजे तसं पाहिलं तर सातत्य होतं. मग लोकांनी काय करावं? हाडं गोठवणाऱ्या थंडीत स्टेडियमला गोल फेरी मारली. वरून पाहिलं तर शून्य दिसावं म्हणून.

त्या शून्यात मीही होतो. घरी आलो तेव्हा नाक लाल झालं होतं. बायको म्हणाली, "हरल्याबद्दल मिरवायला गेलेला पहिला दादरकर असशील तू."

त्याच रात्री ही वही काढली.

(दृश्य : शंभर पानी वही. निळ्या शाईतलं बारीक अक्षर.)

इथला फुटबॉल हाताने खेळतात, चेंडू लांबट असतो, आणि पायाचं काम बेताचंच. या नावाबद्दल भांडून उपयोग नाही. नवे खेळाडू येतात विद्यापीठांच्या संघांमधून, आणि ते वाटून घेण्याची पद्धत म्हणजे ड्राफ्ट. आयपीएलसारखा लिलाव नाही. ३२ टीम, ७ फेऱ्या, आणि गेल्या मोसमात जो सगळ्यात वाईट खेळला त्याला पहिली निवड. १९३६ पासून हे चालू आहे. त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी निवडलेला जय बर्वँगर एनएफएलमध्ये, म्हणजे या ३२ टीमच्या व्यावसायिक लीगमध्ये, एकही सामना खेळला नाही. अंदाज चुकायला सुरुवात झाली ती तिथपासून.

२०१८ ला आमच्याकडे पहिली निवड तर होतीच, चौथीही होती. ती ह्यूस्टनकडून आलेली. आदल्या वर्षी डेशॉन वॉटसन नावाचा क्वार्टरबॅक घ्यायची संधी आम्ही त्यांना देऊन टाकली, त्याच्या बदल्यात. वॉटसन हे नाव लक्षात असू द्या, पुढे परत येणार आहे.

क्वार्टरबॅक म्हणजे जवळपास प्रत्येक चालीत चेंडू ज्याच्या हातात येतो तो. सव्वाशे किलोची माणसं अंगावर धावून येत असताना तीनेक सेकंदांत बघायचं, ठरवायचं आणि फेकायचं. क्लीव्हलंडला हा माणूस काही केल्या मिळत नव्हता. गावातल्या एका दुकानाच्या काचेत टिम काउचची जर्सी टांगलेली असायची. काउच १९९९ ला घेतलेला क्वार्टरबॅक. त्याच्या नावाखाली पट्टी चिकटवून पुढच्याचं नाव, त्याखाली त्याच्या पुढच्याचं. कापड संपत आलं, नावं संपेनात.

आणि त्या वर्षी एकदम पाच चांगले क्वार्टरबॅक ड्राफ्टला आले.

मत द्यायचा अधिकार मला कोणी दिला? कोणी नाही. सवय शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरची. शाळेतल्या पोराचा एक कव्हर ड्राइव्ह बघायचा आणि तो भारताकडून कधी खेळणार ते सांगून टाकायचं. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन आणि विनोदने ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून राहिला होता. अमोल मुझुमदार. कट्ट्यावर तिघांचंही भविष्य पक्कं होतं. तिसऱ्याने पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त धावा केल्या आणि तो भारताकडून एकही सामना खेळला नाही. कट्ट्याने यावर कधी माफी मागितल्याचं मला आठवत नाही.

(दृश्य : वहीचं पहिलं पान. वर लाल चांदणी.)

लाल चांदणी सॅम डार्नोल्डला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, वय वीस. २०१७ च्या जानेवारीतला 'रोज बोल' हा विद्यापीठ संघांचा मानाचा सामना मी पाहिला होता. समोरचं पेन स्टेट विद्यापीठ चौदा गुणांनी पुढे, शेवटचा पाव सामना उरलेला. या पोराने ४५३ यार्ड आणि पाच टचडाउन (म्हणजे इथले गोल) फेकून तो फिरवला, ५२–४९. त्यानंतरच्या मोसमात त्याने तेरा वेळा चेंडू थेट विरोधकांच्या हातात दिला. त्याबद्दल वहीत एवढंच आहे : "लहान आहे, सुधारेल." एकदा पोरगा आवडला की आपण त्याचे वडील होतो.

दुसऱ्या पानावर जॉश रोझन. लहानपणी टेनिस खेळलेला, पाचांत सगळ्यात देखणी फेक त्याची. टेक्सस ए अँड एमविरुद्ध १०–४४ असा मागे असताना त्याने सामना ४५–४४ ने काढला. तक्रार काय, तर याला डोकं फार. सांगितलेलं ऐकत नाही, 'का' विचारतो. त्याच्या विद्यापीठाचे प्रशिक्षकही जाहीरपणे तसंच काहीसं बोलले. मी समासात लिहिलंय : "आमच्या घरी याला हुशारी म्हणतात."

तिसरा बेकर मेफील्ड. उंची सहा फूट आणि वर पाऊण इंचसुद्धा नाही. दोन विद्यापीठांत शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःहून चाचणी देऊन संघात शिरलेला. २०१७ मध्ये देशातल्या सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडूचा हाइझमन पुरस्कार त्यालाच. पण त्याच सप्टेंबरात ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानात हरवल्यावर या महाशयांनी आपल्या ओक्लाहोमा विद्यापीठाचा झेंडा मैदानाच्या मधोमध रोवला होता. आम्ही ओहायोत राहतो. हे विसरणं अवघड. शिवाय बुटका, उर्मट आणि हाइझमनवाला क्वार्टरबॅक आम्ही २०१४ ला घेऊन पाहिला होता, जॉनी मॅनझील. दोन वर्षांत खेळ खलास. म्हणून मेफील्डच्या नावाखाली दोन रेघा मारून मी लिहिलंय : "परत नको."

(दृश्य : इंडियानापोलिस. बंदिस्त मैदान. चड्डी-बनियनवर धावणारी पोरं, हातात घड्याळ घेतलेली माणसं.)

हे कम्बाइन. मार्चच्या आसपास तीनशेहून अधिक खेळाडू इंडियानापोलिसला बोलावतात आणि त्यांचा बघण्याचा कार्यक्रम करतात. उंची, वजन, तळव्याची रुंदी, हाताची लांबी. चाळीस यार्ड पळून दाखव, उडी मारून दाखव. मग बंद खोलीत प्रश्न, घरच्यांबद्दलसुद्धा. मुलगी बघायला गेल्यावर चालायला लावायचे ते दिवस गेले म्हणतात. गेले नाहीत, इंडियानापोलिसला आले.

इथे सगळ्यात जास्त माना हलल्या त्या जॉश ॲलनला बघून. साडेसहा फुटाला दीडेक इंच कमी, हात असा की चेंडू सुटल्यावर खाली यायचं विसरतो.

याच्यावर मी पाच पानं लिहिली आहेत, आणि पाचही विरोधात.

शेतकऱ्याचा मुलगा, कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या छोट्या गावचा. शाळेतून निघाला तेव्हा एकाही मोठ्या विद्यापीठाने विचारलं नाही. रीडलीच्या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, देशभरच्या प्रशिक्षकांना ईमेल पाठवत बसला. शेवटी वायोमिंगने हात दिला. तिथलं मैदान समुद्रसपाटीपासून ७,२०० फुटांवर, वारा आणि बर्फ ठरलेलं. गोष्ट म्हणून सुंदर आहे, कोणालाही मोह पडावा. पण मी आकडे काढले. २०१७ मध्ये त्याचे शंभरातले छप्पन्न पास आपल्या माणसाकडे पोचले. मेफील्डचे सत्तर. आयोवासारखा जरा तगडा संघ समोर आला तर वायोमिंग ३–२४ हरली. विद्यापीठात छप्पन्न टक्के असलेला वर जाऊन नेमबाज होत नाही, असं त्या वेळी सगळे आकडेवाले सांगत होते, आणि मी ते आपलंच असल्यासारखं उतरवून घेतलं. शेवटची ओळ ठळक : "ज्याच्या हाताच्या प्रेमात पडायचं त्याने पडावं. क्लीव्हलंडने नाही."

आमच्या शेजारी एक म्हातारबाबा राहायचे. १९६४ ला ब्राउन्सने बाल्टिमोरला २७–० ने हरवून शेवटचं अजिंक्यपद मिळवलं तो सामना त्यांनी स्टेडियमात बसून पाहिलेला. त्यांना मी ही पाच पानं इंग्रजी करून वाचून दाखवली. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पोरगा वाऱ्यात फेकतो का?" मी म्हटलं, हो, पण टक्केवारी... ते बर्फ काढायच्या फावड्याकडे वळले.

(दृश्य : टेक्सस, आर्लिंग्टन. २६ एप्रिल २०१८. झगमगतं स्टेज.)

पहिली निवड, क्लीव्हलंड. शेवटच्या दिवसापर्यंत बहुतेकांच्या यादीत डार्नोल्ड नाहीतर ॲलन होता. नाव आलं मेफील्डचं. मी वही सोफ्यावर आपटली.

डार्नोल्ड तिसरा, न्यूयॉर्क जेट्सकडे. ॲलन सातवा, बफेलो बिल्सकडे. रोझन दहावा, ॲरिझोनाकडे.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या वीस तारखेला, गुरुवारी रात्री, जेट्स क्लीव्हलंडला आले. ०–१४ असे मागे असताना आमचा नेहमीचा क्वार्टरबॅक दुखावला आणि मेफील्ड मैदानात आला. माझ्या दोन पानांचा एकमेकांशी सामना. आम्ही २१–१७ ने जिंकलो, ६३५ दिवसांनी. शेवटी शेवटी डार्नोल्डने दोनदा चेंडू आमच्या हातात दिला. गावातल्या बारमध्ये एका बिअर कंपनीने कुलूपबंद फ्रिज ठेवले होते, ब्राउन्स जिंकले की आपोआप उघडणारे. ते उघडले. अनोळखी माणसं गळ्यात पडून रडत होती. मी "परत नको" या ओळीवर काट मारली, इतकी जोरात की पान फाटलं. हे बघा.

दोन वर्षांनी त्याच मेफील्डने पिट्सबर्गला प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद सामन्यांत, ४८–३७ ने हरवलं. १९९५ च्या जानेवारीनंतर असा विजय पहिलाच. आणि २०२२ च्या मार्चमध्ये ब्राउन्सने त्याला बाजूला सारून वॉटसन आणला. तोच, ज्याच्यावर आम्ही २०१७ ला पाणी सोडलं होतं. आता मात्र पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि २३ कोटी डॉलरची पूर्ण हमी. वीसहून अधिक महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावलेले होते. लीगने पुढे ११ सामन्यांची बंदी घातली. त्या मोसमात मी टीव्ही लावला नाही. खोटं बोलतोय. लावला, आवाज बंद करून.

मेफील्ड फिरत फिरत टँपाला पोचला आणि तिथे रुळला. डार्नोल्डला जेट्सने सोडलं, कॅरोलिनानेही ठेवलं नाही. एक वर्ष सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्याच्या मागे बसला, आणि २०२४ मध्ये मिनेसोटाला त्याने चौदा सामने जिंकून दिले. मी "सुधारेल" लिहिलं होतं, सहा वर्षं लागतील हे लिहायचं राहिलं. रोझनचं मात्र वाईट वाटतं. ॲरिझोनाने वर्षभरात मुख्य प्रशिक्षक बदलला आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच क्रमांकावर दुसरा क्वार्टरबॅक, कायलर मरी, घेऊन रोझनला मायामीला धाडलं. त्याला नीट वेळ मिळाला असता तर? माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या वहीत पोराची फेक आहे, पाय आहेत, उंची आहे. तो कोणाच्या घरी जाणार, तिथे त्याला कोण सांभाळणार, याला रकानाच नव्हता.

ॲलनला असं घर मिळालं. पहिल्या वर्षी त्याची टक्केवारी जेमतेम ५३, आणि मी रोज बघून खूश. दुसऱ्या वर्षी ५९. बफेलोने ना प्रशिक्षक हलवले ना त्याला. खांद्याची, पायाची ढब बदलत गेली, चांगला रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, आणून दिला. २०२० ला ६९. २०२४ चा सर्वोत्तम खेळाडू जॉश ॲलन. बफेलो आमच्याच एरी सरोवराच्या दुसऱ्या टोकाला आहे, गाडीने तीनेक तास. वारा तोच.

(दृश्य : वहीचं एक जवळजवळ कोरं पान.)

हा पाचवा. लमार जॅक्सन, लुईव्हिल विद्यापीठ. २०१६ चा हाइझमन. सिराक्यूजविरुद्ध उभ्या माणसावरून उडी मारून टचडाउन करणारा. पेटन मॅनिंगसारखा थोर क्वार्टरबॅक निवडणारे, हॉल ऑफ फेममधले (खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीतले) बिल पोलियन त्या फेब्रुवारीत म्हणाले की याने वाइड रिसीव्हर व्हावं. काळ्या क्वार्टरबॅकना असं सांगण्याची इथे जुनी रीत आहे. १९७८ मध्ये वॉरन मूनला एकाही टीमने निवडलं नाही, तो कॅनडात जाऊन खेळला आणि परत येऊन हॉल ऑफ फेममध्ये पोचला. जॅक्सनने रिसीव्हरच्या कवायती करायला साफ नकार दिला. एजंट नाही, कारभार आईकडे. त्या रात्री तो ३२ वा गेला, पहिल्या फेरीचा शेवटचा. घेणाऱ्यांनीसुद्धा आधी एक टाइट एंड, म्हणजे अडवणारा आणि झेलणारा खेळाडू, घेतला होता.

घेणारे कोण? बाल्टिमोर रेव्हन्स. १९९६ ला मालकाने क्लीव्हलंडमधून उचलून नेलेली आमचीच जुनी टीम. दुसऱ्याच मोसमात जॅक्सन सर्वोत्तम खेळाडू ठरला, तोही एकमताने; २०२३ ला पुन्हा सर्वोत्तम. पोलियन यांनी चूक कबूल केली. दर मोसमात दोनदा तो आमच्यासमोर उभा राहतो.

वहीत त्याच्यावर दीड ओळ आहे. "पाय जबरदस्त. रिसीव्हर?"

ते प्रश्नचिन्ह बघा. मी ठाम बोललो नव्हतो, शंका काढली होती. घरी कोणीही आलं की मी हे पान दाखवतो.

(दृश्य : कॅमेरा प्रश्नचिन्हाच्या जवळ जातो. मागून मुलाचा आवाज.)

"बाबा, बाकीचं निळ्या शाईत आहे. हे काळ्या."