गोळ्यापाशी पाणी किती थंड?

[दृश्य : लडिंग्टन बंदर, मिशिगन. पहाटेचा अंधार. धक्क्याच्या टोकाशी दीपगृहाचा दिवा. बोटी एकामागून एक बाहेर पडताहेत.]

मिशिगन सरोवराला सरोवर म्हणताना जीभ अडखळते. उत्तर-दक्षिण लांबी जवळजवळ ४९० किलोमीटर, आणि सर्वात खोल जागी २८१ मीटर पाणी. लडिंग्टनच्या धक्क्यावर उभं राहिलं तर पलीकडचा विस्कॉन्सिनचा काठ दिसतच नाही. दिसतं ते क्षितिज. लाटाही समुद्रासारख्याच, फक्त पाणी गोडं.

ऑगस्ट महिना. या बोटी निघाल्यात सॅमन आणि ट्राउटच्या मागे. रात्रभर उत्तरेचा वारा होता, त्यामुळे बंदरातला प्रत्येक जण एकाच काळजीत आहे. काल मासे होते ते पाणी आज त्याच जागी असेल का? याचं उत्तर पाण्याखालून वर आणणाऱ्या एका छोट्या यंत्राची ही गोष्ट.

[दृश्य : रिकामा वाळूचा किनारा. एक मुलगी पाण्यात पाय घालते आणि झटकन मागे घेते.]

उत्तरेचा वारा या किनाऱ्यालगतचं ऊबदार पाणी दक्षिणेकडे ढकलतो. पृथ्वी फिरते आहे, म्हणून ते पाणी उजवीकडे वळतं, म्हणजे किनाऱ्यापासून दूर पश्चिमेला सरकतं. त्याची जागा घ्यायला तळाचं थंड पाणी वर येतं. एका रात्रीत काठाचं पाणी आठ-दहा अंशांनी उतरू शकतं. काल जिथे मुलं डुंबत होती, तिथे आज घोटाभर पाण्यात उभं राहवत नाही. पलीकडे विस्कॉन्सिनच्या काठावर हेच काम दक्षिणेचा वारा करतो.

माशाला याचं काय? त्याला सगळंच आहे. माशाचं अंग पाण्याइतकंच गार किंवा गरम असतं. त्याची भूक, त्याचं पचन, पाठलाग करण्याची ताकद, सगळं त्या पाण्यावर ठरतं. चिनूक सॅमन साधारण ११-१२ अंश सेल्सियसच्या पाण्यात रमतो. लेक ट्राउटला त्याहूनही गार पाणी लागतं. भर उन्हाळ्यात वरचा थर वीस-बावीस अंशांवर गेलेला असतो आणि खोल तळाशी जेमतेम चार-पाच अंश. या दोन्हींच्या मधे एक पट्टा असतो, थर्मोक्लाइन. तिथे दर काही फुटांनी पाणी भराभर गार होत जातं. आपल्याला हवा तो मासा बहुतेक वेळा या पट्ट्याच्या आसपास असतो. पट्टा कधी चाळीस फुटांवर, कधी शंभर फुटांवर, आणि वाऱ्यानंतर कुठे, ते वरून पाहून कुणालाही सांगता येत नाही. उपग्रहालाही नाही. आपल्याकडे कोकणातल्या मच्छीमारांना हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासे कुठे मिळतील याचे अंदाज येतात. त्यात उपग्रहाने मोजलेलं समुद्राचं तापमान वापरतात. पण उष्णता मोजणाऱ्या उपग्रहाला पाण्याची केवळ वरची साय दिसते. खालचं पाणी त्याच्यासाठी अंधारच.

[दृश्य : बोटीची मागची बाजू. डाउनरिगरचं चाक फिरतंय, पोलादी तार पाण्यात उतरतेय.]

मालवणकडे गरी टाकून मासे धरण्याला गरवणं म्हणतात. गरवणाऱ्याची दोरी त्याच्या बोटावर असते. खाली मासा नुसता हुंगून गेला तरी बोटाला कळतं. इथली रीत निराळी. हिला ट्रोलिंग म्हणतात. बोट सतत चालत असते, ताशी चार किलोमीटरच्या आसपास, माणसाच्या रमतगमत चालण्याइतकी. डाउनरिगर म्हणजे बोटीवरचं तार सोडायचं चाक. त्याच्या पोलादी तारेला सुमारे पाच किलोंचा शिशाचा गोळा लावून तो हव्या त्या खोलीवर सोडतात. गळाची दोरी तारेवरच्या चिमट्यात अडकवलेली असते. दोरीच्या टोकाला चमच्याच्या पात्यासारखा चकाकणारा पत्रा असतो, तो जखमी मासळीसारखा डुलत मागून येतो. माशाने झडप घातली की दोरी चिमट्यातून सुटते, वाकलेला रॉड ताडकन सरळ होतो, आणि मग मासा आणि माणूस समोरासमोर येतात. गोळ्याचं वजन मधे राहत नाही.

युक्ती सुरेख आहे. पण तिच्यात बोटाची जाणीव हरवते. शंभर फूट खाली काय चाललंय ते सांगणारं कुणी उरत नाही, आणि जे आकडे हाताशी असतात तेही फसवे. डाउनरिगरवरचा आकडा किती तार सोडली तेवढंच सांगतो. चालत्या बोटीमागे तार तिरपी होते, त्यामुळे गोळा त्या आकड्याहून उथळ असतो. बोटीचा जीपीएस वेग सांगतो, पण तो जमिनीच्या हिशेबाने.

खालचं पाणी स्वतः चालतं आहे, ही गोष्ट जीपीएसला ठाऊक नसते.

मला या विषयात सर्वात जास्त थक्क केलं ते या प्रवाहांनी. वारा थांबला तरी सरोवराचं पाणी थांबत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोल वळत राहतं. या अक्षांशावर एका फेरीला साधारण सव्वासतरा तास लागतात. म्हणजे सकाळी उत्तरेकडे जाणारं पाणी दुपार सरेपर्यंत दक्षिणेकडे चाललेलं असतं. उन्हाळ्यात थर्मोक्लाइनच्या वरचं पाणी एकीकडे आणि खालचं बरोबर उलट दिशेने जाताना आढळतं. आता बोट डोळ्यांपुढे आणा. पडद्यावर वेग चार. खाली समोरून प्रवाह येत असेल तर पत्रा पाचाच्या वेगाने गरगरतोय, आणि प्रवाह पाठीमागून असेल तर तीनच्या वेगाने मरगळल्यासारखा लोंबकळतोय. म्हणूनच उत्तरेकडे जाताना तीन मासे लागतात आणि त्याच रेषेवर परत येताना एकही लागत नाही.

[दृश्य : गोळ्याच्या वर तारेला जोडलेला प्रोब. त्याचं छोटं चाक जवळून.]

तारेवर, गोळ्याच्या जरा वर, हा प्रोब बसवतात. सहज हातात मावतो. पाण्याच्या दाबावरून तो खरी खोली सांगतो. पाण्याचं तापमान मोजतो. आणि पाणचक्कीसारखं एक छोटं चाक पत्र्याजवळून पाणी किती वेगाने जातंय ते सांगतं. खोली, तापमान, वेग, एवढंच. अवघड आहे ते हे तीन आकडे वर आणणं.

पूर्वी काही यंत्रांमध्ये प्लास्टिकचं आवरण असलेल्या खास तारेतून संदेश यायचा. आवरण कुठे खरचटलं की संदेश बंद. मग बिनतारी करायचं ठरलं तर रेडिओलहरी का नाहीत? कारण पाणी त्या गिळून टाकतं. आपल्या घरातलं वायफाय पाण्यात काही सेंटिमीटरच जाऊ शकतं. पाण्यात चालतो तो आवाज.

[दृश्य : जिनिव्हा सरोवर, रात्र. दूर एक ठिणगी, मग काळोख. पाण्याखालून घंटेचा नाद.]

१८२६ साली स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा सरोवरात कोलाडॉन आणि श्टुर्म या दोन शास्त्रज्ञांनी दोन बोटी सुमारे १३ किलोमीटर अंतरावर ठेवल्या. एका बोटीखाली पाण्यात घंटा टांगली. घंटेवर टोला पडला की त्याच क्षणी बोटीवर बारूद पेटायची. दुसऱ्या बोटीवर कोलाडॉन पाण्यात बुडवलेल्या कर्ण्याला कान लावून बसला. उजेड दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ त्याने मोजला. उत्तर आलं सेकंदाला १४३५ मीटर, हवेतल्या आवाजाच्या चौपटीहून अधिक. त्याच सरोवरात आजही ट्राउटमागे गळ ओढत बोटी फिरतात.

लडिंग्टनच्या बोटीवर नेमकं हेच घडतं. प्रोब ही घंटा. तिचा आवाज इतक्या उंच पट्टीतला की माणसाला ऐकू येत नाही. बोटीच्या मागच्या फळीवर, पाण्यात बुडालेला ट्रान्सड्युसर हा कान. त्याने ऐकलेले आकडे कप्तानासमोरच्या पडद्यावर उमटतात. मधलं अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा तिसावा हिस्साही लागत नाही. पण वाटेत अडचणी आहेत. बोटीच्या पंख्याने उठवलेल्या बुडबुड्यांचा पडदा आवाज अडवतो, म्हणून कान त्या फेसापासून दूर बसवावा लागतो. थंड आणि ऊबदार पाण्याच्या सीमेवर आवाज वाकतो. शेवाळाचा एक तंतू चाकात गुंतला की वेग शून्य दिसायला लागतो. अशा वेळी तार वर घ्यायची, चाक साफ करायचं, पुन्हा सोडायची. इलाज तेवढाच.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. किनाऱ्यावर मेलेल्या मासळीचे ढीग.]

इथे यंत्राची इतकी गरज का भासली, यालाही कारण आहे. सॅमन या सरोवराचा नाहीच. समुद्रातून कालव्यांच्या वाटेने शिरलेल्या, माशांना चिकटून रक्त शोषणाऱ्या लॅम्प्रीने आणि बेसुमार मासेमारीने इथला लेक ट्राउट संपवत आणला होता. खाणारं कुणी उरलं नाही म्हणून अलवाइफ नावाची छोटी मासळी अफाट माजली. १९६७ च्या उन्हाळ्यात ती मरून किनाऱ्यांवर ढिगांनी पडली. त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ मध्ये, मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने पॅसिफिकचा कोहो सॅमन इथे सोडला गेला होता. त्याची अंडी ओरेगॉनहून आणली होती. पाठोपाठ चिनूक आला. म्हणजे या पाण्यात सॅमनला साठेक वर्षंच झाली. मालवणच्या गरवणाऱ्याकडे आज्याच्या आज्यापासूनची ओळख असते, कुठल्या वाऱ्याला काय लागतं त्याची. इथे ती नव्हती. माणसांना मासाही नवा होता आणि माशाला पाणीही.

एक गोष्ट मात्र या यंत्राच्या वापरात मला फार मोलाची वाटते, आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. अकरा अंशांतून ओढून आणलेला, दमलेला मासा बावीस अंशांच्या पाण्यात परत सोडला तर तो पुष्कळदा जगत नाही. तो पोहत गेलेला दिसतो, पण नंतर मरतो. वरचं पाणी किती तापलंय हेही याच पडद्यावर दिसतं. तो आकडा वीसच्या पुढे असेल तर मासा धरून सोडून देण्याचा खेळ थांबवावा. घरी न्यायचे तेवढे धरावेत आणि परतावं. मला भेटलेले जाणते कप्तान हेच करतात.

[दृश्य : बोट. सूर्य वर आलेला. कप्तानाचा हात डाउनरिगरवर. समोर पडदा.]

काल सत्तर फुटांवर बारा अंश होते. आज गोळा उतरतोय. वीस फूट, चौदा अंश. तीस फूट, बारा. चाळीस, आठ. वाऱ्याने पट्टा निम्म्याहून वर उचलला आहे. कप्तान गोळा थोडा वर घेतो, बत्तीस फुटांवर. आता वेग. बोटीचा चार, गोळ्यापाशी जेमतेम तीन. तो काही बोलत नाही, फक्त इंजिन किंचित वाढवतो. खालचा आकडा हलतो. तीन पूर्णांक तीन. तीन पूर्णांक सहा. तीन पूर्णांक नऊ.

[दृश्य : रॉडचं वाकलेलं टोक. बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज. मग चिमटा सुटल्याचा आवाज.]