पस्तीस मीटर पलीकडचा नर

बर्ड आयलंड. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जियाच्या पश्चिम टोकाला लागून असलेलं छोटं बेट. नोव्हेंबर सरत आलाय, म्हणजे इथे उन्हाळ्याची सुरुवात. दगडगोट्यांच्या या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही, इतके अंटार्क्टिक फर सील जमले आहेत.

पडद्यावर मान ताठ करून बसलेला हा नर. वजन दीडशे किलोच्या पुढे. शेजारची मादी त्याच्या जेमतेम पाव भरेल. आपली काही मीटरांची जागा राखण्यासाठी तो आठवडेच्या आठवडे उपाशी राहतो, शेजाऱ्यांशी रक्त निघेपर्यंत लढतो. पाहणाऱ्याला वाटतं, इथे मादीच्या मर्जीला काय किंमत? जागा ज्याची, मादी त्याची.

पण तसं नाही.

मादी किनाऱ्यावर आली की एक-दोन दिवसांत पिल्लाला जन्म देते, आणि साधारण आठवड्याभराने माजावर येते. खरी अडचण इथेच आहे. फर सीलची मादी जिथे जन्मली, तिथून काही मीटरांच्या आतच बहुधा स्वतःही विते. जागा राखणारे नरही दरवर्षी जवळपास त्याच ठिकाणी परततात. त्यामुळे अगदी शेजारी बसलेला दणकट नर तिचा बाप असू शकतो, किंवा सावत्र भाऊ.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक सदोष निघाली तर बऱ्याचदा दुसरी काम निभावते. नात्यातल्या जोडीच्या पिल्लाला मात्र तीच सदोष प्रत दोन्ही बाजूंनी मिळण्याचा धोका वाढतो.

मग मादी काय करते? हे शोधण्याची पद्धत मला शोधाइतकीच आवडते. किनाऱ्यावर परांचीसारखा उंच मार्ग बांधलेला आहे. त्यावरून संशोधक खालच्या चवताळलेल्या नरांपासून सुरक्षित राहून फिरतात आणि कोण कुठे बसलंय याची मीटरच्या हिशेबात नोंद करतात. नरांच्या आणि पिल्लांच्या कातडीचे बारीक नमुने घेतात. यंदा मादी कुठे व्याली ते टिपायचं. पुढच्या वर्षी तिच्या नव्या पिल्लाचा बाप डीएनएवरून ओळखायचा. मग जुन्या नोंदींत बघायचं, तो नर गेल्या हंगामात कुठे होता. नर आपली जागा सोडत नाही, म्हणजे मधलं अंतर मादीनेच कापलेलं असणार.

२००७ साली जोसेफ हॉफमन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात हा हिशेब मांडला. माद्या ३५ मीटरांपर्यंत, इतर नरांच्या जागा ओलांडत गेल्या होत्या. ज्यांच्यापर्यंत गेल्या ते नर दोन बाबतींत वेगळे होते: मादीशी त्यांचं नातं दूरचं होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या जनुकांच्या जोड्यांत वैविध्य जास्त होतं. शेजारचा बलदंड नर सोडून पलीकडच्याकडे जाणं हा योगायोग नव्हता, ती निवड होती.

हे तिला कळतं कसं? सर्वांत जास्त संशय गंधावर आहे. २०१५ मध्ये याच बेटावरच्या माय-पिल्लांच्या अंगावरची रसायनं तपासली गेली. आई आणि पिल्लू यांच्या गंधात साम्य आढळलं, आणि जनुकीय वैविध्याचा मागही त्या रसायनांत लागला. नात्याची खबर अंगाच्या वासात असते, हे तेवढ्यावरून दिसतं.

आता या किनाऱ्याची काळजी वाटावी अशी गोष्ट. फर सीलचं मुख्य खाद्य क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव, आणि हवामान बदलतंय तसं ते माद्यांना पुरेसं मिळण्याची खात्री उरलेली नाही. २०१४ मध्ये हॉफमन आणि जौमे फोर्काडा यांनी दाखवलं की इथली संख्या घटते आहे, आणि तग धरून प्रजननापर्यंत पोचणाऱ्या माद्या जास्त जनुकीय वैविध्याच्या आहेत. वाटेल, मग पुढची पिढी आपोआप सुदृढ होईल. तसं होत नाही. आई मुलीला प्रत्येक जनुकाची एकच प्रत देते. दुसरी बापाची. जोडीतलं वैविध्य वारशात येत नाही, ते दर पिल्लामागे नव्याने जुळावं लागतं. आणि किनाऱ्यावर सील जितके कमी, तितके मादीसमोर निवडायला नर कमी.